जुनं नाव आधी कमी करायला जाऊ नका

तुम्ही लिहिलंय की २० नोव्हेंबर २०२४ ला घरातले सगळे विधानसभेचं मत देऊन आले, बिल्डिंगमध्ये सुट्टीची शांतता होती आणि तुम्ही ओळखपत्र हातात घेऊन घरीच बसून होतात. गिरगावातून मुलुंडला आल्यापासून नाव कुठल्याच मतदार यादीत सापडत नाही, आता काय करू, असं विचारलंय. वाचता वाचता मला माझा २१ ऑक्टोबर २०१९ चा सोमवार आठवला. तीही विधानसभाच. दिवाळी आठवड्यावर आलेली. सासूबाई, सासरे आणि नवरा सकाळीच बोटाला शाई लावून आले आणि मी, मतदानासाठी मिळालेल्या पगारी सुट्टीत, चकलीची भाजणी भाजत होते. रस्त्यावर वर्दळ नाही, शेजारच्यांचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता. अठरा पूर्ण झाल्यापासून मी एकही मतदान चुकवलं नव्हतं. त्या दिवशी कोणाशी बोलावंसंच वाटेना.

नाव ऑनलाइन कसं शोधायचं ते सांगत बसत नाही, ते तुम्ही केलंच असणार. फक्त नावाने शोधलं असेल तर ओळखपत्राच्या क्रमांकाने पुन्हा बघा. आपल्या आडनावांची स्पेलिंगं यादीत कशी पडलेली असतील सांगता येत नाही.

माझं नुकसान कशाने झालं ते सविस्तर सांगते, कारण तुम्हालाही कोणीतरी हाच सल्ला देईल. लग्नानंतर मी लालबागहून चारकोपला आले. लालबाग शिवडी मतदारसंघात, इकडे चारकोप हा वेगळाच मतदारसंघ. नाव हलवायचं म्हणून एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद न बघताच सांगितलं, "आधी तिकडचं नाव कमी करून या, मग इकडचं बघू." मला ते पटलं. दोन ठिकाणी नाव असणं बेकायदेशीर आहे एवढं माहीत होतं. हाफ डे टाकून तिकडे नाव कमी करायचा फॉर्म ७ भरून आले आणि ते काम मात्र चटकन झालं. इकडे नाव नोंदवायचा फॉर्म ६ दिला, तर लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, मग "ठेवून जा, बघतो". मी ठेवून आले आणि पोच मागितली नाही. दोन महिन्यांनी चौकशीला गेले तर असा अर्जच आलेला नाही म्हणाले. पुन्हा भरा, दुसऱ्या टेबलावर जा, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. असं करता करता निवडणूक लागली. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घेता येत नाही, कायदाच तसा आहे. शिवडीतून नाव गेलेलं, चारकोपला आलेलं नाही.

आणि ज्याचा मला अजून राग येतो ते हे: तेव्हाच्या फॉर्म ६ मध्येच जुना पत्ता लिहून "तिथलं नाव वगळावं" असं कळवायची सोय होती. मला शिवडीला जायची काही गरजच नव्हती. खिडकीत बसणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं होतं. त्याच्या एका वाक्यापायी माझं मत गेलं.

आता १ ऑगस्ट २०२२ पासून पद्धत बदलली आहे. मतदारसंघ तोच असो की दुसरा, घर बदललं की फॉर्म ८. जुनं नाव कमी करणं हे त्याच प्रक्रियेत येतं, त्यामुळे फॉर्म ७ च्या वाटेला जाऊ नका. तुमचं नाव गिरगावच्या यादीत अजून असेल तर फॉर्म ८ भरा. तिथूनही खरंच वगळलं गेलं असेल तर नव्याने फॉर्म ६. पत्त्याचा पुरावा आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावरचाही चालतो, हे छापील फॉर्मवरच लिहिलेलं आहे, तेव्हा कोणी बिल परत केलं तर ती ओळ दाखवा. माझं मत विचाराल तर अर्ज ऑनलाइनच करा, संदर्भ क्रमांक लगेच मिळतो. कागदावर दिलात तर पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी वकील नाही आणि निवडणुकीच्या कामातलीही नाही. शंका राहिली तर मतदार हेल्पलाइनला, १९५० वर, फोन करा.

व्हॉट्सॲपवर "यादीत नाव नसेल तर कलम ४९अ खाली चॅलेंज मत मागा" असा मेसेज फिरतो. त्यावर विसंबून मी भाजणी अर्धी टाकून केंद्रावर गेले होते. ते साफ खोटं आहे. आपलं मत आधीच दुसऱ्या कोणी दिलं असेल तर टेंडर मत मिळतं, पण त्यालाही यादीत नाव लागतंच. केंद्राध्यक्ष बाईंनी मला समजावून सांगितलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. एक मात्र खरं: नाव यादीत असून "स्थलांतरित" म्हणून वेगळ्या यादीत टाकलेलं असेल, तर ओळख पटवून मत देता येतं. तिथून परत पाठवलं तर केंद्राध्यक्षांना भेटल्याशिवाय निघू नका.

निवडणूक झाली, आता कशाला घाई, असं म्हणू नका. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, मग जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासक होता. महापालिकेच्या निवडणुकीची यादीही विधानसभेच्याच यादीवरून वॉर्डवार फोडतात. तिथे वेगळी नावनोंदणी नसते.

अर्ज केल्यावर बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी बघणारे अधिकारी, पडताळणीला घरी येऊ शकतात. दिवसा तुमच्या घराला कुलूप असेल तर गेटवर वॉचमनकडे नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाइल लिहून ठेवा, शेजारच्या काकूंनाही सांगा. माझा दुसरा अर्ज शेजारणीने "हो, इथेच राहतात" म्हटल्यामुळे मंजूर झाला. २०२४ च्या २० मे ला लोकसभेचं मत मी चारकोपलाच दिलं, आणि नोव्हेंबरात विधानसभेचंही.