लिनक्सवर सांबा सुरूच होत नाही, तपासायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: उबुंटू अपग्रेड केल्यापासून सांबाचं (नेटवर्कवरच्या इतर मशीनना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) फाइल शेअरिंग बंद आहे. 'सांबा' रीस्टार्ट करायला गेलं की युनिट (सर्व्हिसची नोंद) मास्क्ड, म्हणजे सुरूच होऊ नये असं बंद केलेलं, असल्याचा संदेश येतो, 'एसएमबीडी' रीस्टार्ट केलं की 'कंट्रोल प्रोसेस एक्झिटेड विथ एरर कोड'. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळं करू देणारी) परवानगी देऊन झाली, पॅकेज काढून पुन्हा टाकून झालं, तरी फरक नाही.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन, आणि सगळी लहान अक्षरं.)

मास्क्डचं आधी सोडून द्या. डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत 'सांबा' नावाचं युनिट मुद्दामच मास्क करून ठेवलेलं असतं. खरं काम एसएमबीडी (फाइल वाटणारा) आणि एनएमबीडी (नेटवर्कवर मशीनची नावं शोधून देणारा) हे दोन प्रोग्राम करतात, फेडोरात त्यांचीच नावं एसएमबी आणि एनएमबी. त्यामुळे अनमास्क करण्याच्या नादी लागू नका. एसएमबीडी का पडतंय एवढंच शोधायचंय.

आता ७७७. ती परवानगी आजच मागे घ्या, कारण तिचा इथे काडीचा संबंध नाही. शेअरचं फोल्डर चुकीच्या मालकीचं असो, अगदी डिस्कवर नसलं तरी एसएमबीडी बिनतक्रार सुरू होतं. रड सुरू होते ती कुणी त्या शेअरला जोडायला गेलं की मग. एखाद्या पॅरामीटरचं नाव चुकीचं टाइप झालं असेल तरी सांबा 'अननोन पॅरामीटर' म्हणून ते सोडून देतो आणि पुढे जातो. म्हणजे सर्व्हिस सुरूच होत नसेल, तर दोष सहसा शेअरच्या विभागात नसतो. तो कॉन्फिग फाइलच्या ग्लोबल विभागात (सगळ्या सर्व्हरला लागू असणारा भाग) असतो किंवा सांबाच्या बाहेर.

पॅकेज पुन्हा टाकूनही काही झालं नाही याचं नवल नाही. पॅकेज काढलं तरी ईटीसी-सांबामधली एसएमबी डॉट कॉन्फ जागेवरच राहते आणि नवं पॅकेज तीच जुनी फाइल वाचतं. चिडून पर्ज (सेटिंगसकट पुसून टाकणं) करू नका, सांबाच्या युजरांचे पासवर्ड व्हार-लिबमध्ये साठवलेले असतात, त्यांच्यावर पाणी सोडावं लागेल.

एरर कोडचं ते वाक्य म्हणजे फक्त 'पडलं' एवढी बातमी, कारण नव्हे. सिस्टिमडीला (सर्व्हिस चालू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) त्याहून जास्त माहीतच नसतं. 'जर्नलसीटीएल -यू एसएमबीडी -बी' बघा, पण तिथेही बऱ्याचदा काही हाती लागत नाही, कारण डेबियनकडच्या मांडणीत सांबा स्वतःच्या फाइलमध्ये लिहितो. व्हार-लॉग-सांबामध्ये लॉग डॉट एसएमबीडी आहे, तिच्या शेवटच्या तीसेक ओळी वाचा. तीही रिकामी असेल तर सुडोने 'एसएमबीडी -आय -डी ३' चालवा. प्रोग्राम पार्श्वभूमीला न जाता समोरच चालतो आणि जे काही म्हणायचं ते स्क्रीनवर म्हणतो. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो या एका कमांडने.

तिथे 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं, तर ४४५ किंवा १३९ पोर्ट दुसऱ्या कुणीतरी अडवलाय. 'सुडो एसएस -टीएलएनपी' केलं की कोण ते कळतं. बहुतेक वेळा एखादा विसरलेला कंटेनर किंवा आधीचंच लटकलेलं एसएमबीडी निघतं. त्या पोर्टसमोर प्रोसेसचं नावच नसेल तर केएसएमबीडीवर संशय घ्या. हा कर्नलमधला एसएमबी सर्व्हर, ५.१५ पासून मुख्य कर्नलमध्ये आलाय.

'नो सॉकेट्स अव्हेलेबल टू बाइंड टू' आलं, तर ग्लोबल विभागात 'इंटरफेसेस' आणि 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली' या दोन ओळी शोधा. तुमच्याकडे अपग्रेडनंतर बिघडलंय म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. नेटवर्क कार्डाचं नाव ईटीएच० वरून ईएनपी३एस० असं काहीतरी झालं आणि कॉन्फमध्ये जुनंच राहिलं, तर सांबाला ऐकायला जागाच उरत नाही. 'आयपी ए' करून आत्ताचं नाव बघा आणि ते टाका, शेजारी 'एलओ' (मशीनचा स्वतःशीच बोलण्याचा इंटरफेस) पण ठेवा. या दोन ओळींची तशी गरज नसेल तर सरळ काढून टाका.

याचाच एक भाऊ आहे: मशीन चालू होताना सर्व्हिस पडते, पण नंतर हाताने सुरू केली की मुकाट चालते. तिथे नाव बरोबर असतं, फक्त सांबा नेटवर्कच्या आधी उठतो. 'सिस्टिमसीटीएल एडिट एसएमबीडी' करून युनिट विभागात 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींना नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट द्या.

'सर्व्हर रोल'ची ओळ अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलर म्हणत असेल, तर एसएमबीडी एकटं उभं राहायला नकार देतं. घरगुती शेअरिंगला तिथे 'स्टँडअलोन सर्व्हर' हवं. अर्धवट कंस वगैरे 'टेस्टपार्म' (कॉन्फ तपासणारी कमांड) दाखवेल, पण टेस्टपार्म पास झाला म्हणजे पोर्ट आणि डिस्कही ठीक आहेत असं धरू नका. डिस्कसाठी 'डीएफ -एच' बघून घ्या. व्हार भरलेलं असेल तर सांबाच्या टीडीबी (छोट्या डेटाबेसच्या) फाइल लिहिल्या जात नाहीत.

दुरुस्तीनंतरही 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' आलं तर घाबरू नका. लागोपाठ पडल्यामुळे सिस्टिमडीने हात आखडता घेतलाय एवढंच. 'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड एसएमबीडी' करून पुन्हा सुरू करा.

आणि एसएमबीडी चालतंय पण एनएमबीडी टाइमआउट होतंय, असं झालं तर आयपीव्ही४ पत्ता मिळालाय का ते बघा. तो मिळेपर्यंत एनएमबीडी नुसतं वाट बघत बसतं. शेअर आयपी पत्त्यानेच उघडत असाल तर त्याची गरजही नाही, डिसेबल करून टाका.