सिंथेटिक कागदासाठी २५ लाखांचे यंत्र घ्यावे का?

आपल्या पत्रानुसार वडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आपला दोनरंगी ऑफसेटचा छापखाना आहे. गेल्या वर्षभरात न भिजणाऱ्या, न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावरची कामे आपल्याकडे वाढली आहेत: हॉटेलांची मेन्यूकार्डे, शीतगृहातल्या खोक्यांची लेबले, रोपवाटिकांच्या चिठ्ठ्या आणि हिवाळ्यात धावण्याच्या शर्यतींचे छातीवर लावायचे क्रमांक. ही छपाई आपण सध्या बाहेरून जॉबवर्कने करून घेता. आता त्यासाठी २५ लाखांचे यूव्ही इंकजेट (शाईचे थेंब फवारून ती अतिनील दिव्याखाली लगेच पक्की करणारे) यंत्र घ्यावे, वर लागणाऱ्या साडेचार लाखांच्या जीएसटीसह होणाऱ्या साडेएकोणतीस लाखांपैकी २० लाख ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घ्यावेत आणि उरलेल्या साडेनऊ लाखांसाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडावी, असे आपण लिहिले आहे. मुलगी यंदा बारावीला आहे.

माझे मत स्पष्ट आहे: हे यंत्र आत्ता घेऊ नये आणि ती ठेव तर मुळीच मोडू नये. आपला धंद्याचा अंदाज चुकलेला नाही, या कागदाला मुंबईत मागणी आहेच. प्रश्न असा आहे की आपल्या चार प्रकारच्या कामांना वेगवेगळ्या छपाया लागतात, आणि त्या सगळ्यांचा भार आपण एकाच महागड्या यंत्रावर टाकू पाहत आहात.

आधी आपलेच आकडे पाहू. या कामांचे महिन्याचे बिल सरासरी १,४०,००० रुपये होते; त्यात कागद ७०,००० चा, जॉबवर्क ३०,००० चे आणि आपल्या हाती ४०,००० राहतात. स्वतःचे यंत्र आल्यावर जॉबवर्कचे ३०,००० वाचतील, पण आपणच धरलेला शाई, वीज आणि प्रिंटहेडच्या झिजेचा १२,००० चा खर्च वजा जाता खरी बचत १८,००० चीच उरते. समोर कर्जाचा हप्ता सुमारे ४३,५००, ऑपरेटरचा पगार २०,००० आणि देखभालीच्या कराराचे ५,००० मिळून ६८,५०० रुपये उभे राहतात. म्हणजे जॉबवर्क करून घेण्यापेक्षा यंत्र घेणे परवडायला या कामांचे बिल महिन्याला सव्वापाच लाखांच्या पुढे, आजच्या जवळजवळ चौपट, जावे लागेल. घातलेल्या ठेवीचे बुडालेले व्याज मी यात धरलेलेही नाही.

आता छपाईकडे येतो, कारण पैसे वाचण्याची खरी जागा तिथेच आहे. आपण एकदा स्वतःच्या ऑफसेटवर हा कागद चालवून पाहिला, दुसऱ्या दिवशी अंगठा फिरवला तर शाई पुसली गेली आणि वरच्या शीटच्या पाठीवर खालच्या शीटचा ठसा उमटलेला दिसला, म्हणून ऑफसेटचा नाद सोडला, असे आपण म्हणता. दोष यंत्राचा नव्हता, शाईचा होता. साधा कागद शाईतले तेल थोडे शोषून घेतो आणि उरलेली शाई हवेतल्या ऑक्सिजनने वाळते. आपला सिंथेटिक कागद म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची शीट, ती काहीच शोषत नाही, त्यामुळे सगळा भार हवेवर येतो. न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी पूर्णपणे हवेनेच वाळणारी वेगळी शाई मिळते. ती वापरायची, डॅम्पनिंगचे (छपाईची प्लेट ओली ठेवणारे) पाणी शक्य तितके कमी ठेवायचे, शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून स्प्रे पावडर मारायची, थप्पी उंच होऊ द्यायची नाही आणि कटिंगला नेण्याआधी किमान एक दिवस, पावसाळ्यात त्याहूनही जास्त, थांबायचे. एक-दोन रंगांची मेन्यूकार्डे आणि रोपवाटिकांच्या चिठ्ठ्या अशा रीतीने आपल्याच गाळ्यात निघू शकतात. चाचणीसाठी एक डबा शाई आणि शंभर-दोनशे शीट यांपलीकडे खर्च नाही. चाररंगी आणि घाईची कामे मात्र यूव्ही ऑफसेट असलेल्या छापखान्याकडेच द्यावीत. तिथे शाई दिव्याखाली क्षणात पक्की होते.

लेबलांचे गणित आणखी सोपे आहे. शीतगृहातल्या प्रत्येक खोक्यावर तारीख आणि बॅच क्रमांक बदलतो, मजकूर काळ्या रंगातच असतो. याला थर्मल ट्रान्सफर (उष्णतेने रिबनवरची शाई लेबलावर उतरवणारा) प्रिंटर पुरतो आणि तो एका लाखाच्या आत येतो. रिबन मात्र मेणाची घेऊ नका. सिंथेटिक लेबलावर ओल आणि घासणे सहन करायला रेझिनची रिबन लागते. ती महाग वाटते, पण बर्फाचे पाणी ओघळून तारीखच पुसली गेली तर सगळा माल परत येतो. आपल्या सगळ्या बेतात आज खरेदी करावे असे मला वाटते ते एवढेच यंत्र, आणि त्यासाठी कर्जाची गरज नाही.

शेजारच्या गाळेवाल्याने आपला रंगीत लेझर प्रिंटर वापरायला देऊ केला आहे, त्याबद्दल सावध करणे मला भाग आहे. लेझरमध्ये टोनर वितळवून चिकटवणारा फ्यूझर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुद्रकाच्या यंत्रात अशी शीट पापडासारखी आक्रसून रोलरला चिकटली आणि विक्रेत्याने ती दुरुस्ती वॉरंटीत बसवली नाही. लेझरसाठी पॉलिएस्टरवर आधारलेली शीट मिळते, पॉलिएस्टर सुमारे २५० अंशांना वितळते. तरीही ती लेझरसाठी योग्य असल्याचे उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात घालू नये. शर्यतींचे क्रमांक हंगामी आहेत, ते जॉबवर्कनेच व्हावेत.

पत्रात गणेशोत्सव मंडळांच्या फलकांचाही उल्लेख आहे. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे आणि हा कागद दिसायला कागद असला तरी आहे प्लास्टिकच. जाडी तपासल्याशिवाय ते काम घेऊ नका, आणि त्या कामाचे उत्पन्न यंत्राच्या हिशेबात तर धरूच नका.

जीएसटीचे साडेचार लाख लगेच परत मिळतील असे आपण गृहीत धरले आहे. ते इनपुट क्रेडिट म्हणून खात्यात जमा होतात आणि आपल्या विक्रीवरच्या करातून हळूहळू वळते होतात. आपल्या आजच्या उलाढालीत त्याला बरेच महिने लागतील, तोवर तेवढी रोकड अडकून राहील. क्रेडिट घेतलेल्या रकमेवर प्राप्तिकरात घसाराही (यंत्राच्या झिजेची वजावट) मागता येत नाही.

रोकड हवीच असेल तर ती आपल्या थकबाकीत आहे. दोन हॉटेलांकडून बिले तीन-तीन महिन्यांनी येतात असे आपण लिहिले आहे. सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून आपली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. मुदत टळली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना प्राप्तिकरात वजाही करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि त्यांच्या हिशेबनिसाला मार्च उजाडायच्या आत, अगदी गोडीने, याची आठवण द्या.

मुलीची ठेव जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी लागणार आहे. यंत्राचा जम बसायला वर्ष लागले तर नंतर तिच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागेल, आणि तेव्हा एका घरात दोन हप्ते सुरू होतील.

लागोपाठ सहा महिने या कामांचे बिल साडेपाच लाखांवर राहिले, तर मला पुन्हा लिहावे. तेव्हा मी कर्जाच्या बाजूने बोलेन. त्या वेळी विक्रेत्याच्या दालनातल्या चकचकीत नमुन्यांवर जाऊ नका. आपली स्वतःची शीट घेऊन जा, समोर छापून घ्या, मेन्यूकार्डासारखी घडी घालून शाई तडकते का ते पाहा, चिकटपट्टी दाबून एका झटक्यात ओढा, आणि तो तुकडा रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवून सकाळी पुन्हा ओढून बघा.