वकिलाचं पत्र माझ्या फाईलमध्ये आहे, पोलिसांना द्यायचं का?

प्रश्न: ताई, नौपाड्यात माझं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. एका क्लायंटच्या प्रकरणात पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ची (कागद हजर करा अशी) नोटीस आलीय, पूर्ण फाईल द्या म्हणून. त्यात त्याच्या वकिलाने त्याला दिलेला लेखी सल्लाही आहे, हिशोबासाठी त्याने मला फॉरवर्ड केलेला. तो पण द्यायचा का?

उत्तर: दादा, घाईघाईत सगळी फाईल उचलून देऊ नका, प्लीज. भारतीय साक्ष अधिनियमाचं (पुराव्याच्या कायद्याचं) कलम १३२ वकील, त्याचे कारकून आणि दुभाषे यांना अशिलाचं बोलणं उघड न करण्याचं बंधन घालतं, अकाउंटंटला नाही, त्यामुळे लेजर, व्हाउचर, बिलं लपवता येणार नाहीत, ती द्यावीच लागतील. पण त्या सल्ल्याचं वेगळं आहे. कलम १३४ प्रमाणे अशिलाला वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं उघड करायला भाग पाडता येत नाही, आता कागद तुमच्याकडे आल्यावर हे संरक्षण टिकतं का यावर वाद होऊ शकतो, आणि तो तुम्ही किंवा पोलिसांनी नाही, कोर्टाने सोडवायचा. गुन्ह्यासाठीच घेतलेल्या सल्ल्याला मात्र कसलंही संरक्षण नाही.

सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२५ला वकिलांना समन्स काढण्यावर मर्यादा घातल्या, किमान एसपी (पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी वगैरे, पण ते वकिलांसाठी, तो निकाल घेऊन चौकीत जाऊ नका. आजच क्लायंटला आणि त्याच्या वकिलाला कळवा, ते पत्र वेगळ्या पाकिटात सील करा, ईमेल डिलीट तर अजिबात करू नका, आणि बाकी कागद देताना एक पत्र वेगळं ठेवलंय हे लेखी कळवून पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.