तिजोरी हलता कामा नये

घरगुती छोट्या तिजोरीबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले सहा प्रश्न. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण फास्टनर आणि ड्रिलचे बिट दुकानात त्याच मापाने मिळतात.

प्रश्न : आकड्यांची छोटी तिजोरी घेतली आहे, वजन साधारण ९ किलो. सुताराने ती कपाटाच्या खालच्या फळीला चार स्क्रूंनी बसवून दिली. एवढं पुरे का? इमारत सहा-सात वर्षांची आहे. भिंत कशाची आहे ते सांगता येत नाही.
— वाचक, पिंपरी

उत्तर : पुरे नाही. सुटी ९ किलोची तिजोरी म्हणजे सगळे दागिने एकत्र भरून ठेवलेली पेटी. चोर ती तुमच्या घरात उघडत बसत नाही. उचलतो, पिशवीत घालतो आणि निघून जातो. उघडण्याचं काम मग सावकाश, दुसरीकडे. १८ मिमीच्या प्लायमध्ये रुतलेले चार स्क्रू पहारीच्या एका हिसक्यात फळीचा तुकडा घेऊनच बाहेर येतात. तिजोरी भिंतीलाच बांधायला हवी.

आधी भिंत ओळखा. तिजोरीच्या मागे झाकली जाईल अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडा आणि प्लास्टरच्या पुढे गेल्यावर भुकटीकडे बघा. तांबडी आली तर वीट. पांढरट, पिठासारखी हलकी आली आणि ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) चालू न करताच बिट आत गेला, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. करडी, कडक भुकटी आली आणि बिट अडायला लागला, तर काँक्रीट. मायवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या नव्या इमारतींत आतल्या भिंतीसुद्धा बहुधा काँक्रीटच्याच असतात.

काँक्रीट असेल तर काम सोपं. एम-१० चा, म्हणजे १० मिमी जाडीचा, वेज प्रकारचा अँकर फास्टनर घ्या; नट आवळला की भोकात फुगून पकड घेणारा हा बोल्ट. त्याला भोकही १० मिमीचंच लागतं. बाहेरून नळी असलेल्या फास्टनरला भोक मोठं लागतं, म्हणून पाकिटावरचं माप वाचल्याशिवाय बिट लावू नका. प्लास्टर सोडून काँक्रीटमध्ये किमान ६० मिमी खोली मिळाली पाहिजे. सळई लागली तर ती कापत बसू नका, दोन इंच सरका. त्यासाठी तिजोरीच्या पाठीत नवं भोक पाडावं लागलं तरी चालेल.

एएसी ब्लॉकमध्ये हाच फास्टनर फसतो. तो फुगून पकड घेतो, ब्लॉक मऊ असल्यामुळे फुगताना आतल्या आत चुरा होतो, आणि नट आवळला की अख्खा बोल्ट गरगर फिरतो. इथे केमिकल अँकर वापरा, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात रॉड चिकटवायचा. एम-१० च्या आट्यांच्या रॉडला १२ मिमीचं भोक पाडा. ब्रशने घासा, फुंका, पुन्हा घासा, पुन्हा फुंका. भोकात धूळ राहिली तर रसायन भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं. केमिकल अँकर निसटण्याचं नेहमीचं कारण हेच. ट्यूबमधून पहिला येणारा माल फेकून द्या आणि रंग एकसारखा यायला लागला की भोकात भरा. रॉड फिरवत आत घाला. पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत नटला हात लावू नका आणि नंतरही बेताने आवळा. भिंतीपलीकडे तुमचीच खोली असेल तर याहून पक्का उपाय आहे : रॉड आरपार काढायचा आणि पलीकडे १०० × १०० × ५ मिमीची लोखंडी प्लेट लावून नट आवळायचा.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे चांगलं बसवलेलं कामही वाया जातं. पहिली : छोट्या तिजोरीच्या पाठीचा पत्रा जेमतेम २ मिमीचा असतो. नेहमीचा वॉशर लावला तर जोर लावल्यावर पत्रा फाटतो आणि बोल्ट भिंतीतच राहतो. आतून दोन्ही भोकांवर आडवी, ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी टाका आणि तिच्यावर नट आवळा. दुसरी : कपाटामागची स्कर्टिंगची टाइल (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि ६ मिमीचा मागचा प्लाय यांच्यामुळे तिजोरी भिंतीपासून बोटभर लांब राहते. पहारीचं टोक नेमकं त्या फटीत शिरतं. मागचा प्लाय तेवढ्या भागापुरता कापून काढा आणि तिजोरी स्कर्टिंगच्या वर, थेट प्लास्टरला भिडवा.

फरशीत भोक पाडण्याचा सल्ला दुकानदार देतात. टाइल १० मिमी, खालचा मसाल्याचा थर ५० मिमी असेल, तर ७५ मिमीचा फास्टनर स्लॅबला जेमतेम टेकतो. त्या थरातून नळाचे किंवा विजेचे पाइप गेलेले असू शकतात. फ्लॅटमध्ये शक्यतो भिंतच धरा.

प्रश्न : तिजोरी लपवायची कुठे? भिंत फोडून कोनाडा करावा असा विचार आहे.
— वाचक, नाशिक

उत्तर : जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींत कोनाडे आणि फडताळं शोभली. आजची आतली भिंत चार-सहा इंचांची. तिच्यात तिजोरी मावतच नाही. काँक्रीटची भिंत, कॉलम किंवा बीम तर अजिबात फोडू नका. त्यावर इमारत उभी आहे.

लपवण्याने चोराचा वेळ जातो, आणि त्याच्याकडे वेळच कमी असतो. पण देवघर, गादीखालचा कप्पा, तांदळाचा डबा आणि बेडरूममधल्या कपाटाचा लॉकर या जागा तो पहिल्या काही मिनिटांतच बघतो. कोठीची खोली, मुलांच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट, बंगल्यात जिन्याखालची अडगळ या जागा बऱ्या. स्वयंपाकघर वाफेमुळे नको, न्हाणीघराला लागून असलेली ओलसर भिंतही नको.

चोरकप्पा करायचा तर कपाटाची खोली कामी येते. कपाट साधारण ६०० मिमी खोल असतं आणि सर्वांत छोटी तिजोरी २०० मिमी उंच, ३१० रुंद, २०० खोल. तळाच्या कप्प्यात ती मागच्या भिंतीला बसवा आणि तिच्यापुढे खोटी पाठ उभी करा. पुढे पादत्राणं किंवा पांघरुणं ठेवण्याइतकी जागा उरते. ही खोटी पाठ बिजागरीवर न ठेवता चार चुंबकी कॅचवर अडकवा, म्हणजे अख्खी फळी काढून बाजूला ठेवता येते. बिजागरी डोळ्यांत भरते. फळीचं लॅमिनेट आतल्या बाकीच्या लॅमिनेटसारखंच हवं आणि कडेची फट दोन्हीकडे सारखी हवी. शेजारच्या कप्प्यापेक्षा हा कप्पा उथळ दिसतो, म्हणून त्याच ओळीतल्या दुसऱ्या कप्प्यालाही तशीच पुढे आलेली पाठ द्या. तिजोरीचं दार पुरतं ९० अंशांच्या पुढे उघडतं ना, हे फळी कापण्याआधी तपासा.

सुताराकडून फक्त कप्पा करून घ्या, तिजोरी तो गेल्यावर बसवा. आणि तिजोरीचं रिकामं खोकं, त्यावरच्या चित्रासकट, सोसायटीच्या कचऱ्यात ठेवू नका. फाडून, उलटं दुमडून द्या.

प्रश्न : जांभ्याचं जुनं घर आहे. फास्टनर धरत नाही. पुराचीही भीती आहे.
— वाचक, चिपळूण

उत्तर : जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. फास्टनर फुगला की आजूबाजूचा दगड भुगा होऊन गळतो, आणि पावसाळ्यात त्यात ओल धरते. इथे आरपार रॉडच लावा : एम-१२, गॅल्व्हनाइज केलेला, लांबी भिंतीच्या जाडीपेक्षा ६० मिमी जास्त, पलीकडे १५० × १५० × ६ मिमीची प्लेट. असे किमान दोन, आणि तिजोरीच्या तळाखाली ५० × ५० × ५ च्या लोखंडी अँगलची चौकट. भोक सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मध्यात पाडा.

उंचीचं सांगायचं तर २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर असेलच. तिच्या वर जाता येत असेल तरच तळमजला, नाहीतर माडी. तिजोरीच्या दाराच्या फटीतून आणि मागच्या भोकांतून पाणी सहज आत येतं. दागिने पुसून वाळवता येतात. कागदपत्रांना तो उपाय नाही, म्हणून ती झिपच्या दुहेरी पिशवीत ठेवा.

प्रश्न : आकडे बरोबर टाकले तरी मूठ फिरत नाही. चावी तिजोरीतच आहे!
— वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी दारावर गुडघा दाबून मूठ फिरवा. आतली फाइल किंवा डबा दाराला रेटत असेल तर कड्या अडकतात, आणि दार दाबल्यावर बऱ्याचदा सुटतात. तरीही नाही तर संशय बॅटरीवर. स्वस्त बॅटरी दिव्यापुरती आणि आवाजापुरती चालते. कडी सोडवायला क्षणभर जास्त विद्युतप्रवाह लागतो, तेव्हा ती बसते. म्हणून चारही सेल अल्कलाइन, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी बदललेले हवेत. दर दसऱ्याला बदलून टाका. तुमच्या तिजोरीचे सेल दाराच्या आत असतील तर बाहेरून बॅटरी जोडण्याची सोय आहे का, हे माहितीपत्रकात बघा. नसेल तर खरेदीची पावती आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा.

तिजोरी उघडली की त्याच दिवशी दोन्ही आपत्कालीन चाव्या बाहेर काढा. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी विश्वासातल्या नातेवाइकाकडे. कारखान्यातून आलेला मूळ आकडाही बदला, आणि नवा आकडा दार उघडं ठेवून, कड्या बाहेर असताना तीनदा चालवून बघा. मगच दार लावा.

प्रश्न : तिजोरीत चांदी काळी पडते आणि कागदांना वास येतो.
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : दहा-वीस लिटरच्या तिजोरीला १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा निळं होतं. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ते खाण्याच्या भांड्यात तापवू नका. नारिंगी जेल घेतलं तर उत्तम. चांदीला रबरबँड लावू नका, त्यातलं गंधक तिला काळं करतं. सुती मऊ कापड, त्यावर झिपची पिशवी.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. बँकेचा लॉकर घ्यावा का?
— वाचक, पुणे

उत्तर : घ्या. सणासुदीला लागणारे चार दागिने घरी, बाकी लॉकरमध्ये. मात्र रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले नियम माहीत असू द्या : आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. सोनं त्याहून जास्त असेल तर दागिन्यांचा वेगळा विमा काढा आणि त्यासाठी मूल्यांकनाचं प्रमाणपत्र व फोटो तयार ठेवा.

घरातल्या छोट्या तिजोरीसाठी भरलेल्या, जड लाकडी कपाटाचा तळ वापरा. तळाच्या १८ मिमी फळीतून एम-१० चे चार बोल्ट काढा आणि फळीखाली तिजोरीच्या तळाएवढी ६ मिमीची लोखंडी प्लेट लावा. मग तिजोरी न्यायची तर फळीच तोडावी लागते, आणि पुस्तकांनी भरलेल्या कपाटात ते काम आवाज केल्याशिवाय होत नाही. घर बदलताना चार नट सोडवले की तिजोरी तुमच्याबरोबर येते. फळीतली चार भोकं तुमच्याच कपाटात राहतात, मालकाच्या भिंतीत नाहीत.