पैसे घेतले की हरायची सोय राहत नाही

"ताई, लेकीला कॉलेज खेळायचे पैसे द्यायला निघालंय. घेऊ द्यावेत का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे २०२१ नंतर यायला लागला आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून तर थांबायचं नाव घेत नाही. कधी लेक असते, कधी मुलगा. कधी टेनिस, कधी पोहणं, कधी गोल्फ. विचारणारे न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातले आपलेच मराठी आईबाप. धास्ती सगळ्यांची एकच: पैसा आला की अभ्यास गेला, खेळाची गोडी गेली आणि मूल हाताबाहेर गेलं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

पुण्या-नाशिकच्या वाचकांना हे प्रकरण नवीन वाटेल. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल आणि बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे. स्टेडियम भरतात, टीव्हीचे करार होतात, आणि बऱ्याच राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सगळ्यांत जास्त पगार घेणारा माणूस कुठल्यातरी विद्यापीठाचा कोच असतो. खेळणाऱ्या पोरांना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्ती, राहणं-जेवण आणि शाबासकी. कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएचा नियमच तसा होता. एड ओ'बॅनन या जुन्या बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला आणि २००९ मध्ये तो कोर्टात गेला. तिथून भिंत खचत गेली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ ला आणखी एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली. आता कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची होती. त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातो. बाकीच्यांच्या वाट्याला चटणी-कोशिंबीर.

माझं मत विचाराल तर द्यावेत पैसे. ज्याच्या घामावर तिकिटं खपतात त्याला त्यातलं काही मिळू नये, हे मला कधीच पटलं नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या घरांचा पेच माझ्या मताने सुटत नाही.

त्यातलं एक घर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आई, बाबा आणि एकोणीस वर्षांची लेक. लेक एका मोठ्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेटर. कॉलेजने वर्षाला आठ हजार डॉलरचा करार पुढे केला होता, आणि गावातल्या एका गाड्यांच्या शोरूमवाल्याने तीन व्हिडिओंचे बाराशे देऊ केले होते. घरात त्यावरून आठवडाभर अबोला.

"आम्ही तिला शिकायला पाठवलंय," बाबा म्हणाले. "स्कॉलरशिप मिळतेय तेवढी पुष्कळ झाली. खेळाचे पैसे घेणं मला पटत नाही."

"कोच पगार घेतो, अंपायर घेतो, पॉपकॉर्न विकणाराही घेतो. मीच का नाही?"

"तू विद्यार्थिनी आहेस."

"बाबा, २०२३ मध्ये नेब्रास्कात ९२,००३ लोक मुलींची व्हॉलीबॉलची मॅच बघायला आले होते. त्या मुलीही विद्यार्थिनीच होत्या."

हे असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. तोवर गप्प बसलेली आई म्हणाली, "ह्यांना लिलाव मात्र चालतो."

"कसला लिलाव?" मी विचारलं.

"प्रो कबड्डीचा. ऑफिसची मीटिंग म्यूट करून बघतात. कोण कितीला गेला ते यांना तोंडपाठ असतं."

बाबा हसले. मग एकदम हसायचे थांबले. मी एवढंच विचारलं, "तुम्ही खेळायचात?"

"चढाई करायचो. सांगलीकडे, कॉलेजच्या टीममधून."

त्या दिवशी ते पुढे काही बोलले नाहीत, मीही रेटलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हे अर्धं काम असतं. नव्यांना मी हेच शिकवते आणि त्यांना तेच सगळ्यांत अवघड जातं. पुढच्या खेपेला त्यांनी आपण होऊन सांगितलं, लेकीदेखत.

१९९१ साल. शेजारच्या गावच्या यात्रेतली स्पर्धा. तिथल्या मंडळाला एक चढाईपटू कमी पडत होता. तीनशे रुपये आणि एसटीचं भाडं असं ठरलं. यांची परीक्षेची फी थकलेली, म्हणून गेले. फायनलला एका गुणाने मागे असताना शेवटची चढाई यांच्याकडे आली. बोनसच्या नादात पाय जरा जास्त आत गेला आणि कोपऱ्यावरच्याने घोटा धरला. तेवढ्यात मैदानाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "पैसे खाल्ले रे ह्याने!" मग ते गावभर झालं.

"फुकट खेळलो असतो ना ताई, तर नुसता हरलो असतो," ते म्हणाले. "पैसे घेतले की हरायची सोय राहत नाही."

इतके दिवस 'अभ्यास', 'संस्कार', 'आपल्यात असं नसतं' या पांघरुणांखाली काय होतं ते त्या एका वाक्यात बाहेर आलं. लेकीने पैसे घेण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. तिला कुणी तसं ओरडू नये, एवढंच होतं.

आणि मग लेकीने फोन काढला. बराच वेळ खाली खाली सरकवत एक मेसेज शोधला आणि बाबांच्या हातात दिला. मागच्या मोसमात निर्णायक गुणाला तिची सर्व्हिस जाळ्यात गेली होती. त्या रात्री कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं की तुझ्या त्या सर्व्हिसने माझे चारशे डॉलर बुडवले. पुढचं मोठ्याने वाचण्यासारखं नव्हतं. असे मेसेज हल्ली इथल्या कॉलेज खेळाडूंना सर्रास येतात. आमच्याच न्यू जर्सीने लढवलेल्या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची वाट मोकळी केली, आणि आता एकोणीस वर्षांच्या पोरीच्या सर्व्हिसवर कुणाचे तरी पैसे लागलेले असतात. तिने हे घरी सांगितलं नव्हतं. बाबा खेळ सोडायला लावतील म्हणून.

बाबांनी दोनदा वाचलं. "तेव्हा तू कुणाचे पैसे घेतले होतेस?"

"कुणाचेच नाही."

मी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. त्याचं काम इथून जवळच, न्यूयॉर्कमध्ये उभं राहिलं आणि महाराष्ट्रातही ते चांगलं रुजलंय. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्यावर आपण जो शिक्का मारतो तो माणसाला जास्त छळतो, असं ही वाट सांगते. म्हणून मी बाबांना त्या मेसेजबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते १९९१ बद्दल.

"त्या रात्री तुम्ही स्वतःला काय म्हणालात?"

"की मी विकला गेलो."

"विकला गेला होतात?"

"नाही हो! जीव तोडून खेळलो होतो."

"आणि तीनशे रुपयांचं काय केलंत?"

"फी भरली. परीक्षेला बसलो."

"म्हणजे त्या पैशांवर तुम्ही पदवी घेतलीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. हा हिशेब त्यांनी इतक्या वर्षांत मांडलाच नव्हता. ओरडणाऱ्याचं वाक्य जपून ठेवलं होतं आणि भरलेल्या फीची पावती विसरले होते. मी अनेक घरं पाहिलीत, पण बापाच्या कबड्डीने लेकीचं व्हॉलीबॉल सोडवलेलं हे एकच. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवरच खूश होते, खोटं कशाला बोलू?

आता ज्यांच्या घरात हा वाद चालू आहे त्यांच्यासाठी.

पैसे नाकारून मूल शिव्यांपासून वाचत नाही. म्हणून आधी घरात हे बोला की सामना हरला, सर्व्हिस चुकली, बाकावर बसवलं, तर आपण काय म्हणणार? मोबदला कामाचा असतो. निकालाची हमी कुणीच विकू शकत नाही. हे मुलाला ऐकवायचं, आणि त्याहून जास्त स्वतःला. 'आता पैसे घेतोस ना, मग?' हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा जरी गेलं तरी यात्रेतला तो माणूस तुमच्याच घरात येऊन बसला समजा.

पैशाने गोडी जाते का? वाचणारे आईबाप मला १९७३ चा तो प्रसिद्ध प्रयोग सांगतात. बालवाडीतल्या मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र कबूल केलं, तर पुढे ती आपण होऊन कमी चित्रं काढायला लागली. प्रयोग खरा आहे. पण ज्यांना तेच प्रशस्तिपत्र आधी कबूल न करता नंतर दिलं, त्यांची गोडी कमी झाली नव्हती, हे सांगायला बहुतेक जण विसरतात. शिवाय तुमचं मूल आठव्या वर्षापासून पदकं, रँकिंग आणि स्कॉलरशिपच्या आशेवर खेळतंय. निव्वळ आनंदासाठी खेळण्याचे दिवस असतील तर ते कधीच मागे पडलेत, आणि त्यात आपलाही हात आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर दोष वेळापत्रकाला द्या. नियमाने मोसमात आठवड्याला २० तासच सराव आणि खेळ, पण प्रवास त्यात धरत नाहीत आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच मोजतात. ते तास मूल पैसे घेवो न घेवो, जातातच.

शेजारच्या खोलीतला फुटबॉलवाला नवी गाडी घेऊन येईल. मुलींना हे जास्त सोसावं लागतं. तडजोडीत जुन्या खेळाडूंना मिळायच्या भरपाईच्या वाटपावर काही महिला खेळाडूंनी २०२५ मध्ये अपीलही केलं आणि मला ते रास्त वाटतं. पण तो आकडा टीव्हीच्या करारातून येतो. त्यावरून मूल स्वतःची किंमत लावायला लागलं तर ते लगेच टोका.

कागद मात्र शांतपणे वाचा. दुखापत झाली तर पैसे थांबणार का? कॉलेज बदललं तर परत द्यावे लागणार का? चेहरा आणि नाव किती वर्षं त्यांच्याकडे राहणार? ६०० डॉलरपासून पुढचे बाहेरचे करार कळवावे लागतात, आणि या कमाईवर कर मुलालाच भरायचा असतो. आठ हजारांतले आठही हजार खर्च करून एप्रिलमध्ये कर भरताना रडणारी मुलं मी पाहिलीत. आणि एक विनंती: 'क्लबवर आम्ही एवढा खर्च केला' ही वही या पैशांसमोर उघडू नका.

एच-फोर (आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला) किंवा एफ-वन (विद्यार्थ्यांचा) व्हिसावरच्या मुलांचं दुखणं वेगळं आहे. चौथ्या वर्षी इथे आलेला, इथेच वाढलेला मुलगा ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेला असतो, आणि टीममधले सगळे सह्या करताना त्याला बघत बसावं लागतं. एच-फोरवरच्या मुलांना काम करायची परवानगी नाही, एफ-वनवर कडक बंधनं आहेत. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. कोच म्हणेल, सगळेच घेतात. त्याचा व्हिसा पणाला लागलेला नसतो.

त्या लेकीने शोरूमवाल्याला मोसम संपेपर्यंत थांबायला सांगितलं. कॉलेजच्या करारात दुखापतीचं कलम स्पष्ट लिहून घेतलं, मग सही केली. बाबांनी तोवर तास मोजून भागाकार केला होता. "ताई, ताशी दहा डॉलरच पडतात हो! कॉफी देणाऱ्या पोरालाही याहून जास्त मिळतात." आकडा वाढवून मागायला ते कोचला फोन लावणार होते. लेकीने लावू दिला नाही.