रेल्वेची नोकरी सोडून बास्केटबॉल अकादमी काढावी का?

प्रश्न: वय 33. क्रीडा कोट्यातून दक्षिण मध्य रेल्वेत नांदेडला 11 वर्षं नोकरी, हातात 48 हजार. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळ थांबला. राजीनामा द्यायचा, 15 लाखांचं कर्ज काढून लातूरजवळ वडिलांच्या शेतात कोर्ट बांधायचं आणि 60 मुलांना महिना हजार रुपयांत शिकवायचं, असं ठरतंय. अडलंच तर एनपीएस या पेन्शन योजनेतले 16 लाख आहेत. करू का?

उत्तर: प्रशिक्षक जरूर व्हा. राजीनामा मात्र देऊ नका, आणि कोर्ट तर आत्ता मुळीच बांधू नका.

ज्या 16 लाखांवर तुम्ही विसंबलात, ते हातात येणार नाहीत. मुदतीआधी राजीनामा देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला एनपीएसमधले किमान 80 टक्के पेन्शन देणाऱ्या वार्षिकी योजनेत गुंतवावे लागतात. रोख उरतील 3 लाख 20 हजार. शिवाय राजीनाम्याने ग्रॅच्युइटीसाठीची मागची सेवाही जाते. 20 वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीचं तसं नाही. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी खात्यात, समजा प्रशिक्षकाच्याच पदावर गेलात, तर तो तांत्रिक राजीनामा धरतात आणि सेवा टिकते. हे रस्ते आधी कार्मिक विभागाकडून लेखी समजून घ्या.

आता 60 मुलांचं. तेवढी मुलं एप्रिल-मेच्या शिबिराला येतील. जून-जुलैत शाळा आणि पाऊस, 30 धरा. शालेय स्पर्धांमुळे ऑगस्ट-सप्टेंबरात 40, पुढे जानेवारीपर्यंत 35 आणि परीक्षांच्या दोन महिन्यांत 15. वर्षाची फी होते 4 लाख 30 हजार, तीही कुणी बुडवली नाही तर. तुमच्या 7 लाख 20 हजारांपासून हे फार लांब आहे. मदतनिसाला महिना 10 हजार, वीज-देखभाल 5 हजार, वर्षाला चेंडू-जाळ्या 30 हजार धरल्या तर उरतात 2 लाख 20 हजार. 15 लाखांचा सात वर्षांचा हप्ता 11 टक्क्यांनी महिना सुमारे 25,700, म्हणजे वर्षाला तीन लाखांवर. घरात एक रुपया न नेता वर्षाला जवळपास 90 हजारांची तूट.

त्यात गाव लातूर. दहावीनंतर मुलगा मैदानावर दिसला तर घरच्यांना मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची काळजी लागते. पाच वर्षं घडवलेला खेळाडू ऐन उमेदीत क्लासला जातो आणि तुम्ही पुन्हा दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करता. पालकांना थोडंफार धरून ठेवतात ते दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण.

कोर्टाचा खर्चही अपुरा धरलाय. खेळायची जागा 28 बाय 15 मीटर. भोवती दोन मीटर मोकळे सोडले की 32 बाय 19, सहा गुंठे. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि काँक्रीटला तडे जातात. मग वरचा अ‍ॅक्रिलिक थर फाटतो, चेंडू वेडावाकडा उसळतो. त्यामुळे माती दोन-तीन फूट काढून, थराथराने मुरूम टाकून रोलर फिरवावा लागतो, वर पाणी निघायला एक टक्का उतार. ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात ही खोदाई बहुधा नसते. उन्हाळ्यात काम काढलंत तर काँक्रीटवर मारायचं पाणीही टँकरचं. शेतजमिनीचा वापर बदलण्याचा खर्च आणखी वेगळा.

म्हणून क्रम उलटा करा. आधी एनआयएसच्या (राष्ट्रीय क्रीडा संस्था, पतियाळा) प्रशिक्षक पदविकेसाठी रजा आणि परवानगी मागा. सरकारी प्रशिक्षकपदाच्या जाहिरातीत हीच पात्रता विचारतात. तोवर रेल्वेला कळवून एखाद्या शाळेच्या कोर्टवर मानधन न घेता शिकवा आणि महिन्याला किती मुलं टिकतात ते वहीत लिहा. फी घ्यायची तर आधी मंजुरी हवी, रेल्वेच्या 1966 च्या आचरण नियमांत ते स्पष्ट आहे. अकादमी पत्नीच्या नावाने काढा असं कुणीतरी सुचवेलच. तेही कळवावं लागतं, आणि सगळं काम तुम्हीच करताय हे चौकशीत लपत नाही.

नोकरी कधी ना कधी सोडणारच असाल, तर आरोग्यविमा आजच घ्या. गुडघा अर्जात लिहा, लपवू नका. जुन्या दुखण्यासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते, आणि ती वर्षं रेल्वेचं हॉस्पिटल हाताशी असतानाच सरलेली बरी.