देवी दसऱ्यानंतर पाच दिवस झोपते

प्रश्न: मी 31 वर्षांची आहे, पुण्यात आयटीत टीम लीड आहे. ऑफिसात दिवसभर पुरुषासारखं वागावं लागतं आणि घरी आले की चिडचिड होते, कधीकधी कारण नसताना रडू येतं. 'आतलं स्त्रीतत्त्व जागं करा' अशा दोन दिवसांच्या शिबिराची जाहिरात सारखी समोर येते. मी फारशी देवभोळी नाही. असं काही खरंच असतं का? त्यानं मन थाऱ्यावर येतं का? पैसे भरू का?

उत्तर:

असतं, आणि मन थाऱ्यावरही येतं. पण शिबिराचे पैसे भरायच्या आधी एक काम करा. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. तुमचा प्रश्न उडवून लावायला मी हे सांगत नाही. माझी स्वतःची गोष्ट तिथूनच सुरू होते.

2014 साल. मी तेव्हा 44 वर्षांची, बँकेत नोकरी, कोथरूडला फ्लॅट, मुलगा दहावीत. 25 सप्टेंबरला घट बसले आणि 30 तारखेला आमचं सहामाही क्लोजिंग. सासर मूळचं बार्शीचं, कुलदैवत तुळजापूरची भवानी, त्यामुळे नवरात्र साग्रसंगीत. नऊ दिवस उपवास म्हणजे शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि चहा. रात्री दोनला उठून नंदादीपात तेल घालायचं, सकाळी माळ करायची, डबे भरायचे, नऊच्या आत शाखेत पोचायचं. त्या दिवसांत मोबाइलवर एक चित्र फिरायचं: दहा हातांची बाई, एका हातात लॅपटॉप, एकात झारा, एकात बाळ. मला ते फार आवडायचं. आपण देवीसारख्या आहोत असं वाटायचं.

दसरा शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी आंघोळीला गेले आणि दाराशीच चक्कर येऊन बसले. उठताच येईना. सासूबाई आल्या, मला धरून पलंगावर निजवलं. मी म्हणाले, "आई, शाखेची किल्ली माझ्याकडे आहे, जायलाच हवं." त्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "किल्ली दे धाडून कुणाकडं तरी. अगं, आई भवानी बी दसऱ्याचं सीमोल्लंघन करून आली की पलंगावर निजती. पाच दिवस. पुनवेपर्यंत उठवत न्हाईत तिला कुणी. आन् तू काय तिच्यापरीस मोठी लागून गेलीस?"

त्या सोमवारी हिमोग्लोबिन आलं 8.4. डॉक्टर म्हणाले, बाईला किमान 12 तरी हवं. लोहाच्या गोळ्या सहा महिने घेतल्या. चिडचिडीतला बराचसा भाग, खरं सांगते, त्या गोळ्यांनीच गेला.

पण सासूबाईंचं ते वाक्य गेलं नाही. मी बार्शीची सून होऊन 20 वर्षं झाली होती, तुळजापूरला अनेकदा गेले होते, आणि तरी देवीच्या झोपेचा मी कधी विचारच केला नव्हता. तिथली मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते, आणि वर्षातून तीन वेळा ती हलवून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून, ती घोरनिद्रा. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. श्रमनिद्रेचा पलंग येतो आपल्याच जिल्ह्यातून, भीमाशंकरच्या वाटेवरच्या घोडेगावातून. तो गावोगाव मुक्काम करत जातो आणि लोक रस्त्यात उभे राहून त्या रिकाम्या पलंगाला हात जोडतात.

मला हे आजही विलक्षण वाटतं. महिषासुराला मारून आलेली देवी दमते, हे आपल्या माणसांनी मान्य केलं. तेवढ्यावर थांबले नाहीत, तिच्या दमण्याला त्यांनी नाव दिलं, तिथी दिली, पलंग केला. युद्धाआधीही झोप आणि युद्धानंतरही झोप. गौरींचंही बघा ना. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांची माहेरवाशीण. त्या तीन दिवसांत आपण तिच्याकडून काय करून घेतो? काही नाही. तिला बसवतो, नेसवतो, सोळा भाज्या वाढतो. आणि ज्या घरात गौरी बसलेली असते त्याच घरातली बाई तीन दिवस ओट्यापाशी उभी असते.

पुढे मी दुर्गा सप्तशती ही देवीची पोथी अर्थासकट वाचली. देवभोळेपणानं नाही, कुतूहलानं वाचली. मार्कंडेय पुराणातला भाग आहे तो, तेरा अध्याय. पाचव्या अध्यायात देव तिची स्तुती करतात आणि म्हणतात, सगळ्या प्राणिमात्रांत तू अमुक रूपानं आहेस, तमुक रूपानं आहेस. तो क्रम बघून मी थबकले. चेतना, बुद्धी, आणि त्यानंतर लगेच निद्रा. मग क्षुधा, म्हणजे भूक. शक्ती येते ती त्यानंतर. शांती तर आणखी पुढं. शेवटाकडे दया, तुष्टी, माता, आणि अगदी शेवटी भ्रांती! म्हणजे तुम्हाला संध्याकाळी जी भूक लागते, दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये जी डुलकी येते, आणि 'माझं काय चाललंय मलाच कळत नाही' असं जे होतं, ते सगळं त्या यादीत आहे. यातलं काही हाकलून देऊन मग उरलेल्या स्वच्छ, शांत भागात देवी शोधायची, असं तिथं कुठेच नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाशी मला भांडायचं आहे. 'पुरुषासारखं'. मीटिंगमध्ये तुम्ही ठाम बोलता, कुणाचं चुकलं तर सांगता, मुदत पाळायला लावता, यात पुरुषी काय आहे? हल्लीच्या शिबिरांत सांगतात की स्त्रीतत्त्व म्हणजे मऊ, वाहतं, स्वीकारणारं आणि पुरुषतत्त्व म्हणजे कृती, निर्णय. आपल्याकडे हे नेमकं उलट आहे. सांख्य तत्त्वज्ञानातला पुरुष नुसता बघतो, करते ती प्रकृती. शाक्तांचा, म्हणजे देवीच्या उपासकांचा, शिव निश्चल पडलेला असतो, हलते ती शक्ती. 'शक्ती' या शब्दाचा अर्थच मुळी करू शकणं. तेव्हा ऑफिसात तुम्ही कुणाचं सोंग घेऊन जात नाही. तिथंही तुम्हीच असता. रोज संध्याकाळी 'आता मी पुन्हा बाई होते' असा जो एक वेश उतरवायचा आणि दुसरा चढवायचा खटाटोप तुम्ही करता ना, माझ्या मते तुमची निम्मी दमणूक त्यातली आहे. शस्त्र खाली ठेवून झोपायला हवं, हे खरं. पण शस्त्र धरलं म्हणून बाईपण गेलं, हे खोटं.

आणि हे तत्त्व काही फक्त बायकांचं नाही. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत एकदा नाना पेठेत जाऊन नुसत्या उभ्या राहा. हवालदार माउली, चहावाला माउली, तुमचा पाय चुकून तुडवणारा दाढीवाला बाप्याही माउली. ज्ञानेश्वरांना आपण सातशे वर्षं आई म्हणत आलो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझे मिस्टर दरवर्षी तिथं वारकऱ्यांचे पाय चेपायला जातात. 2015 च्या वारीहून परत आले त्या रात्री मी नुसतं म्हणाले, "माझेही दुखतात हो." ते काही बोलले नाहीत. तेलाची वाटी घेऊन आले. त्या आधी मी कधी मागितलंच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. मागता येणं मला फार उशिरा आलं. जोगवा मागणारी बाई परडी घेऊन पाच घरी जाते आणि तिला त्याची लाज वाटत नाही. तसं मागणं.

आता एक अवघड गोष्ट. ज्या सासूबाईंनी मला हे सगळं दिलं त्या विधवा होत्या. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की त्या आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. इतकी वर्षं मी ते बघितलं आणि बाहेर बायकांना वाण वाटत राहिले. आजारातून उठल्यावर मला ते बघवेना. 2015 च्या संक्रांतीला मी पहिलं कुंकू त्यांना लावायला गेले, त्यांनी हात धरला माझा. "नगं, पोरी. लोकं तुलाच बोलतील." कुंकू त्यांनी शेवटपर्यंत लावून घेतलं नाही. पण पुढच्या वर्षी बाहेर येऊन बसल्या, वाण घेतलं, आणि त्या वर्षापासून घटाची पहिली माळ त्यांच्या हातची. इमारतीतल्या दोघी आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. येईनात.

हे लिहिते आहे कारण स्त्रीतत्त्वाच्या नावाखाली बायकांनाच बाहेर बसवण्याची सोय आपल्याकडे भरपूर आहे. विधवा, मूल नसलेली, पाळी आलेली. आणि हेच ते पुणं आहे जिथं 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी अडलेल्या विधवांसाठी घर उघडलं, जिथं सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन गेल्या आणि स्वतः त्याच साथीत गेल्या. मला देवीचं रूप डोळ्यांपुढं आणायचं झालं तर ती पाठ आधी दिसते. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते वाचलं तेव्हा सासूबाई नव्हत्या. मी पेपर त्यांच्या फोटोपुढं ठेवला. तुमच्या शिबिरात कोण येतं, कोणाला बोलावलेलं नसतं, हे जरूर विचारा.

तुम्ही काय करायचं, तर मी करते ते सांगते. उपवास आता उठता-बसता, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. मधले दिवस पोटभर जेवते. रात्रीचं तेल मिस्टर घालतात. घट मात्र मी बसवते, आणि देव मानत नसलात तरी हा एक प्रकार तुम्ही करून बघा असं मला वाटतं. मंडईजवळ त्या आठवड्यात काळी माती, टोपली, सात धान्यं सगळं मिळतं. पत्रावळीवर माती पसरायची, त्यात गहू, ज्वारी, मूग वगैरे पेरायचं, मधोमध मातीचा घट पाण्यानं भरून ठेवायचा. घट झिरपतो, त्या ओलीवर बी रुजतं. तुम्ही फार काही करायचंच नसतं. पहिले दोन दिवस काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात. मग कोंब. देवघरात ऊन नसतं म्हणून ते पिवळट, लांबट वाढतात आणि उजेडाच्या बाजूला कलतात. पाणी जास्त घातलंत तर कुजतात, हा माझा पहिल्या वर्षीचा अनुभव. रोज सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं ते बघत बसायचं, एवढंच. ओली माती, अंधार आणि वाट बघणं यांनी काय होतं ते डोळ्यांना दिसतं. दसऱ्याला ते तुरे केसांत माळायचे.

आणि दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतचे पाच दिवस मी रजा टाकते. 2015 पासून एकदाही चुकवली नाही. पाहुणे नाहीत, साफसफाई नाही, फराळाची तयारी नाही. झोपते, आणि झोप झाली की आणखी थोडी झोपते. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी खूप रडले, नेमकं कशासाठी ते आजही सांगता येणार नाही. तुम्हाला कारण नसताना रडू येतं म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्याला निवांत जागा मिळाली की ते रडू वाहून जातं. पण दोन-तीन आठवडे रोजच तसं होत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथं देवीचं नाव घेऊन दिवस ढकलू नका.

शिबिराचं म्हणाल तर, चार बायका एकत्र बसून नाचणार, बोलणार असतील तर ते चांगलंच आहे. आपल्या मंगळागौरी आणि भोंडला हेच करत आले. फेर धरायचा, घाम येईपर्यंत फुगड्या घालायच्या, सासरचं गाऱ्हाणं गाण्यातून मोकळं करायचं, वर खिरापत. त्यासाठी मोठी फी देऊ नये असं माझं मत आहे. आणि दोन दिवसांत अमुक जागं करून देतो म्हणणाऱ्याला घटाचे नऊ दिवस माहीत नाहीत.

सेनापती बापट रस्त्यावरून तुमचं जाणं-येणं असेल तर चतुःशृंगीला एकदा जाऊन या. नवरात्रातल्या यात्रेच्या गर्दीत नको, एरवी सकाळी साडेसहाला. तिथली कथा अशी सांगतात की दुर्लभशेठ नावाचा सावकार दरवर्षी वणीच्या सप्तशृंगीला जायचा. म्हातारपणी त्याला ते जमेना, तेव्हा देवी म्हणाली, तुझ्यानं येववत नाही ना, मग मीच येते. आणि ती पुण्यात येऊन राहिली. आजारी होते त्या ऑक्टोबरात सासूबाईंनी मला ही गोष्ट दोनदा सांगितली होती, आणि दोन्ही वेळा शेवटी पाठीवरून हात फिरवून भात खायला लावला होता.

रक्ताचा रिपोर्ट आला की इथंच खाली लिहा. मी वाट बघते.